चांदीपूरच्या किनाऱ्यावरचे मेलेले हॉर्सशू क्रॅब

प्रश्न : ओडिशातल्या चांदीपूरला किनाऱ्यावर मेलेले हॉर्सशू क्रॅब (घोड्याच्या नालासारखं कवच आणि लांब टोकदार शेपूट असलेले समुद्री जीव) दिसले. ते कशाने मरतात? जिवंत सापडला तर काय करावं?

उत्तर : मुख्य कारण जाळी. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला नर-मादी जोडीने अंडी घालायला किनाऱ्याकडे येतात आणि नेमक्या त्याच उथळ पाण्यात गिलनेट (पाण्यात भिंतीसारखी उभी राहणारी मासेमारीची जाळी) लावलेली असतात. पाय, कवचाच्या कडेचे काटे आणि शेपूट नायलॉनमध्ये असे गुरफटतात, की सोडवताना जाळं फाटतं. मग पाय मोडून ओढून काढलं जातं, नाहीतर जाळ्यातून काढून वाळूवर टाकलं जातं. उताणा पडलेला क्रॅब शेपटीच्या आधाराने सुलटा होतो. शेपूट मोडली असेल तर तेही जमत नाही. उन्हात पोटाखालचे कल्ले सुकले, की संपलं.

जिवंत दिसला तर शेपटीला धरून कधीही उचलू नका, सांधा निखळतो. दोन्ही हातांनी कवचाच्या कडा धरा, सुलटा करा आणि ओल्या वाळूवर पाण्याच्या कडेला ठेवा. जाळ्यात असेल तर पाय ओढू नका, धागा कापा. तो चावत नाही, डंखही मारत नाही.

दुसरं संकट वाळूउपसा आणि दगडी बांध. अंडी वाळूत पुरलेली असतात. वाळूच गेली तर मादी घालणार कुठे? वयात यायलाच दहाएक वर्षं लागतात, त्यामुळे मेलेल्या मादीची जागा लवकर भरून निघत नाही. पकडणं २००९पासून वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, पण जाळ्यात चुकून अडकलेल्यांना केवळ कायदा वाचवत नाही. उधाणाच्या त्या रात्री अंडी घालण्याच्या पट्ट्यात जाळी न लावणं, हा खरा उपाय.