घरी ड्रेसिंग करताना ग्लोव्हज कसे काढायचे आणि कुठे टाकायचे

ताई, सासऱ्यांच्या बेडसोअरचं (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेचं) ड्रेसिंग तुम्ही घरीच करता आणि ग्लोव्हज काढताना दरवेळी हाताला काहीतरी लागतंच असं लिहिलंयत, तर बहुतेक बोटांची टोकं धरून ओढत असणार. त्यात रबर ताणतं, फटकन सुटतं आणि वरचा पू-रक्त मनगटावर नाहीतर तोंडावर उडतं. मी वॉर्डात नर्स आहे, नवीन मुलींना आम्ही आधी हेच शिकवतो.

एका ग्लोव्हला मनगटाजवळ, तळव्याच्या बाजूने, बाहेरूनच चिमटीत धरायचं, कातडीला लागू द्यायचं नाही, आणि मोजा उलटा करतो तसं सोलत काढायचं. निघालेला लगेच टाकू नका, दुसऱ्या हाताच्या मुठीत गोळा करून ठेवा. आता मोकळ्या हाताची दोन बोटं उरलेल्या ग्लोव्हच्या आत, मनगटापाशी सरकवायची (बाहेरून हात लावायचा नाही हं, सगळी गडबड इथेच होते) आणि तोही उलटा करत खाली आणायचा, म्हणजे पहिला त्याच्या पोटात जातो आणि घाण सगळी आत. सावकाश करा, दारावरची बेल वाजली तरी सावकाश.

मग लगेच साबणाने हात, 40 ते 60 सेकंद. ग्लोव्हजना डोळ्याला न दिसणारी बारीक भोकं असू शकतात, त्यामुळे हात धुणं सुटत नाही. आणि सॅनिटायझर चोळून तेच ग्लोव्हज परत वापरायचा उद्योग करू नका.

हॉस्पिटलमध्ये 2016 च्या बायोमेडिकल वेस्टच्या नियमांप्रमाणे ग्लोव्हज लाल पिशवीत जातात आणि पू लागलेला कापूस, गॉज पिवळ्या पिशवीत, कारण पिवळीतलं सहसा जाळतात आणि लाल पिशवीतलं ऑटोक्लेव्ह करून (म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारून), तुकडे करून रिसायकलला देतात. घरी लाल पिशवी कोण आणून देणार! तेव्हा ग्लोव्हज आणि जुनं ड्रेसिंग पेपरात घट्ट गुंडाळा, वर ठसठशीत लाल ठिपका काढा आणि ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळं हातात द्या. पुण्यात कचरा गोळा करणाऱ्या ताया सॅनिटरी पॅडसाठी हेच मागतात, उघड्या हाताने वेगळं करावं लागतं बिचाऱ्यांना. अंगणात जाळू मात्र नका, धूर वाईट असतो.

सासऱ्यांना इन्शुलिन चालू असेल तर सुया ह्या पुडीत नकोत, जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात साठवा आणि जिथे दाखवता त्या दवाखान्यात घेतात का विचारा.