सर्व्हर बदलायच्या आधी टीव्हीवरचं अ‍ॅप काय सांगतंय ते बघा

तुमचा प्रश्न नीट वाचला. इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी घेतला, त्यावर जेलीफिन टाकलं, म्हणजे आपल्याकडचे सिनेमे घरातल्या टीव्ही-मोबाइलवर पाठवणारा सर्व्हर, मोबाइलवर सगळं मस्त चालतंय, पण टीव्हीवर ४के सिनेमा मधेमधे अडकतो, काही फाइल्सना चित्र येतं पण आवाज नाही, मराठी सबटायटलच्या जागी चौकोन दिसतात आणि घरच्या लग्नाच्या डीव्हीडीवर रेघा येतात, तर आता त्याच कामाच्या प्लेक्सवर जावं की एम्बीवर. मला विचाराल तर कुठेच जाऊ नका, तिकडेही बरंचसं हेच होईल. मी २०१९ पासून जेलीफिन वापरतोय, त्याच्या आधी नुसतं कोडी हे प्लेअर अ‍ॅप होतं, आणि एवढ्या वर्षांत सर्व्हरने फार कमी वेळा त्रास दिलाय. डोकं खाल्लंय ते टीव्हीवरच्या अ‍ॅप्सनी.

होतं काय की तुम्ही प्ले दाबलं की आधी अ‍ॅप सर्व्हरला सांगतं, मला हे हे कोडेक (चित्र-आवाज दाबून साठवायच्या पद्धती) चालतात, एवढा बिटरेट (सेकंदाला येणारा डेटा) झेपतो, सबटायटल अमुक प्रकारचं असेल तर मी दाखवीन. सर्व्हर त्यावर विश्वास ठेवतो, त्याच्याकडे दुसरा मार्गच नाही. सगळं बसत असेल तर फाइल जशीच्या तशी जाते, म्हणजे डायरेक्ट प्ले, नाहीतर सर्व्हर तिथल्या तिथे ती बदलून पाठवतो, म्हणजे ट्रान्सकोड. आता अ‍ॅपने चुकीचं सांगितलं तर पुढचं सगळंच चुकतं.

तुमचा बिनआवाजाचा प्रकार बहुतेक हाच. आमच्याकडे बाबांना एक सिनेमा लावून दिला आणि मी ऑफिसला गेलो, थोड्या वेळात फोन, "अरे, नुसती तोंडं हलतायत." फाइलमधला ऑडिओ डीटीएस या कोडेकमध्ये होता, अ‍ॅपने सर्व्हरला सांगितलेलं की चालतो, आणि टीव्हीला तो येतच नव्हता. बाबांनी अर्धा तास आवाज वाढवून बघितला, केबल काढून परत लावली, आपल्याच हातून काहीतरी बिघडलं असं समजून. याचा मला अजून राग येतो. ७६ वर्षांच्या माणसाला 'या टीव्हीवर हा आवाज वाजत नाही' एवढी एक ओळ दाखवायला काय जातं? डीटीएसचा इतिहास माहीत असू द्या, सॅमसंगने २०१८ च्या मॉडेलपासून तो काढला, एलजीने २०२० मध्ये काढला आणि २०२३ च्या काही मॉडेलमध्ये परत आणला, म्हणून तुमचा २०२० चा टीव्ही असेल तर आधी तिथेच बघा. फाइलमध्ये एसी३ किंवा एएसी कोडेकमधला आवाजाचा जास्तीचा ट्रॅक घालून ठेवला की कटकट संपते, व्हिडिओला हात लावावा लागत नाही.

अडकण्याचं कारण शोधायला सिनेमा चालू ठेवून मोबाइलवर जेलीफिनचा डॅशबोर्ड उघडा, चालू असलेल्या कार्डावर ट्रान्सकोड होतंय का आणि का होतंय ते लिहिलेलं असतं. होत असेल तर हार्डवेअर ॲक्सिलरेशनमध्ये क्विक सिंक (इंटेलच्या चिपमधला व्हिडिओचं काम करणारा भाग) चालू आहे का बघा, जेलीफिन डॉकरमध्ये, म्हणजे कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवत असाल तर त्या कंटेनरला ग्राफिक्सचं डिव्हाइस दिलंय का तेही. एन१०० ला हे काम जमतं, फक्त सगळा भार प्रोसेसरवर टाकला तर तो दमतो. आणि डायरेक्ट प्ले असूनही अडकत असेल तर टीव्हीची लॅन केबल काढा! खरंच सांगतोय. बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचं असतं आणि ब्लू-रेवरून जशीच्या तशी काढलेली ४के फाइल मारामारीच्या सीनमध्ये त्याच्या वर जाते, ५ गिगाहर्ट्‌झचं वायफाय जवळ असेल तर ते जास्त पळतं.

सबटायटलचे चौकोन म्हणजे ते अक्षर ज्या फॉन्टमध्ये शोधलं जातंय त्यात देवनागरीच नाही. सर्व्हर सबटायटल चित्रावर छापून पाठवत असेल तर सर्व्हरवर फॉन्ट लागतो, डॉकरच्या इमेजमध्ये तो असेलच असं नाही. नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट उतरवा आणि सर्व्हरच्या सिस्टिम फॉन्टमध्ये टाका, डॉकर असेल तर फॉन्टचं फोल्डर कंटेनरच्या आतल्या फॉन्टच्या फोल्डरला जोडा. पण काही टीव्ही अ‍ॅप्स स्वतः अक्षरं काढतात आणि त्यांना जोडाक्षर, वेलांटी काही कळत नाही, 'स्थिती' मधला स पाय मोडून वेगळा पडतो आणि वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. माझ्या आईने ते दोन दिवस वाचायचा प्रयत्न केला, मग म्हणाली राहू दे, मी तशीच बघते. ज्या भाषेत कोट्यवधी लोक वाचतात तिची वेलांटी जागेवर येऊ नये हे मला पटत नाही, म्हणून असं दिसलं की त्या अ‍ॅपवाल्यांना स्क्रीनशॉटसकट कळवाच, मी दर वेळी कळवतो.

लग्नाच्या डीव्हीडीचं मात्र मनावर घ्या, ते परत शूट होणार नाही. ती एमपीईजी-२ या जुन्या कोडेकमध्ये असते, ७२० बाय ५७६, आणि इंटरलेस्ड, म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रं, एकाआड एक ओळींची. अ‍ॅप ती दोन अर्धी नुसती एकावर एक ठेवतं, म्हणून अंतरपाट बाजूला होताना त्याची कड कंगव्यासारखी दिसते, अक्षता टाकणाऱ्या हातांच्या रेघा होतात. काही अ‍ॅप्स रेघा घालवतात पण सेकंदाला २५ च फ्रेम ठेवतात, मग आजी चालताना अडखळल्यासारखी वाटते. मी एफएफएमपेग या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्रॅममधल्या बीडब्ल्यूडीआयएफ या रेघा घालवणाऱ्या फिल्टरने एकदाच ५० फ्रेमची एच२६४ फाइल करून ठेवली, आता ती कुठल्याही टीव्हीवर सरळ चालते आणि माझी आजी नऊवारीत मांडवातून तशीच झपझप चालते जशी ती चालायची. डीव्हीडीवरच्या मूळ व्हीओबी फाइल्स डिलीट करू नका, दुसऱ्या डिस्कवर ठेवा.

एवढं करूनही टीव्हीतलं अ‍ॅप छळत असेल तर सर्व्हर तोच ठेवून वेगळा अँड्रॉइड टीव्ही बॉक्स घ्या आणि त्यावर कोडी टाका, जेलीफिनचं ॲड-ऑन मिळतं. टीव्हीतले ब्राउझर फार जुने असतात, एलजी टीव्हीतल्या २०२० च्या वेबओएस सिस्टिममध्ये क्रोमियम ६८ हा ब्राउझर आहे, म्हणजे २०१८ चं, आणि जेलीफिनचं तिथलं अ‍ॅप त्याच्यावरच चालतं, ते लिहिणारे फुकट वेळ देऊन तरी किती ओढणार.

आज रात्री अडकणारी एक फाइल लावून डॅशबोर्डवर जे कारण दिसेल ते आणि टीव्हीचं मॉडेल टाका, मग पुढचं बघू.