लेकरू गाईनाच झालंय

"मॅडम, लेकरू गाईनाच झालंय. आता तर बोलायला बी तयार नाही."

दिवाळीची सुटी संपून शाळा उघडल्या त्या आठवड्यात गंगाखेडकडचे एक शेतकरी वडील नववीतल्या मुलाला घेऊन परभणीला माझ्याकडे समुपदेशनासाठी आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. लिहायला घरच्यांची परवानगी आहे.) मुलगा गळ्याला मफलर गुंडाळून बसला होता. थंडी अजून पडायची होती. काही विचारलं की मान हलवायचा, फारच झालं तर कुजबुजायचा. मधूनमधून मफलरीच्या आत हात घालून अंगठ्यानं गळ्याची घाटी दाबून बघायचा.

"गाणं सुटलं त्याचं काही नाही," वडील म्हणाले. "पुढल्या साली दहावी आहे. पण घरात मुक्यावानी राहायलंय, त्याच्या मायला घोर लागलाय."

पोरगा गावात गाण्यासाठीच ओळखला जायचा. आजोबा भजनी मंडळात पुढे म्हणणारे. पाचवीत असल्यापासून हा त्यांच्या मांडीला मांडी लावून अभंग म्हणायचा. सप्ताहात लोक त्याचं नाव घेऊन फर्माईश करायचे. शाळेच्या परिपाठात प्रार्थना त्याच्याच तोंडून सुरू व्हायची. मग १७ सप्टेंबर आला. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणजे आमच्याकडच्या शाळांत झेंडावंदन आणि समूहगीत. अंतऱ्याची वरची ओळ याची एकट्याची होती. ती म्हणताना आवाज चिरकला, सावरायला गेला तर आणखीच फाटला. मागच्या रांगेतली मुलं हसली, हसू आवरताना एका शिक्षकांनीही तोंडावर हात धरला. दुसऱ्या दिवसापासून वर्गात त्याचं नाव "फाटका भोंगा" पडलं. कार्तिकात आजोबांनी काकड्याला उठवलं तर हा पांघरूण डोक्यावरून घेऊन पडून राहिला. आजोबांना वाटलं तेलकट खाण्यानं घसा धरला, म्हणून रोज ज्येष्ठमध आणि खडीसाखर सुरू झाली.

पहिल्या दोन भेटी मी चुकीच्या वाटेनं गेले. चारचौघांत फजिती झाली, त्याची धास्ती बसली, असं मी धरून चालले. श्वासाचे व्यायाम दिले, चिडवणाऱ्या मुलांना काय उत्तर द्यायचं ते बोललो. त्यानं सगळं मुकाट्यानं केलं आणि तसूभरही फरक पडला नाही. तिसऱ्या भेटीत मी कागद-पेन्सिल पुढे ठेवली आणि म्हटलं, बोलायचं नसेल तर लिही, सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? बराच वेळ त्यानं पेन्सिलीचं टोक नखानं कुरतडलं. मग लिहिलं, "माझा आवाज मेला का?" आणि त्याखाली बारीक अक्षरात, "आजोबा म्हणायचे देवाची देणगी आहे."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आवाज फुटणं हा वयाचा भाग आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. दिलेलं देवानं परत घेतलं, आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं ते लेकरू दोन महिने मनात घेऊन फिरत होतं. वडिलांना विचारलं तर ते ओशाळून म्हणाले, "आमाला वाटलं त्याला ठाऊक आसंल." मिसरूड फुटल्याचं कौतुक घरोघरी होतं. आवाजाबद्दल मात्र पोराला समोर बसवून कुणी बोलत नाही.

आठवी-नववीतल्या मुलांचे पालक, कधी शिक्षकसुद्धा, मला हेच विचारतात: चांगला गाणारा मुलगा बिघडला, आता गाणं बंद करावं का? म्हणून त्याला जे सांगितलं ते इथेही सांगते. साधारण बारा ते पंधराच्या दरम्यान मुलांचं स्वरयंत्र झपाट्यानं वाढतं. तो कंठमणी पुढे येतो तो त्यामुळेच. आतल्या स्वरतंतूंची लांबी आणि जाडी वाढते. लहान मुलाच्या बोलण्यात हे तंतू सेकंदाला अडीचशे-तीनशे वेळा कंप पावतात, मोठ्या पुरुषाच्या बोलण्यात शंभर-सव्वाशेच्या आसपास. म्हणजे कंपनं जवळजवळ निम्म्यावर येतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. वाढ चालू असताना स्नायूंना नव्या तंतूंचा अंदाज येत नाही, म्हणून आवाज मध्येच घसरतो, मध्येच चिरकतो. हे काही महिने चालतं, कधी वर्ष-दीड वर्ष. मुलींचाही आवाज या वयात बदलतो. दोन-तीन स्वरांचाच फरक पडतो, पण थोडा घोगरेपणा येतो, दम लवकर लागतो. तो कुणाच्या लक्षात येत नाही आणि मुलींना "नीट म्हण" म्हणून बोलणी बसतात.

तरीही मी बाप-लेकांना आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. घोगरेपणा आठवड्यांमागून आठवडे तसाच राहिला, गिळताना किंवा बोलताना दुखत असलं, तर वयावर ढकलून बसू नये. डॉक्टरांनी दुर्बिणीतून स्वरयंत्र पाहिलं. सूज नाही, गाठ नाही. "वाढतोय, दुसरं काही नाही," एवढंच ते म्हणाले. पोरानं मफलर तिथेच सोडून पिशवीत टाकली, असं वडिलांनी फोनवर सांगितलं.

पुढचं काम माझ्या हातचं नव्हतं. मी ज्या शाळांत जाते, त्यातल्या बहुतेक शाळांत संगीताला वेगळा शिक्षक नाही. आवड असलेले सर किंवा मॅडम परिपाठ आणि स्नेहसंमेलन सांभाळतात. याच्या शाळेचं नशीब असं की तालुक्याच्या गावाहून आठवड्यातून दोन दिवस पेटी शिकवायला एक सर येत. मी त्यांना भेटले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पेटीचा भाता सोडला आणि एकच प्रश्न विचारला: "परिपाठ कुठल्या पट्टीत होतो?"

परिपाठ काळी चारमध्ये व्हायचा, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून. मुलींना आणि लहान मुलांना ती पट्टी सोयीची. बाकीची मोठी मुलं नुसते ओठ हलवतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. सरांनी मला पेटीवर दाखवलं. काळी चारचा वरचा सा याला आता पोचत नाही. "मग खालच्या सप्तकात म्हण" असं सांगतात, पण काळी चारचा खालचा सा इतका खोल जातो की नववीच्या पोराला तोही लागत नाही. वरही जागा नाही, खालीही नाही. आजोबांचं मंडळही काळी चारलाच म्हणायचं. म्हणजे शाळेत आणि देवळात, दोन्हीकडे हे पोर आपल्या घशाला न बसणाऱ्या पट्टीत कोंडलं गेलं होतं.

सरांनी त्याला या दोन्ही सांच्या मधली काळी एक दिली, पेटीची पहिली काळी पट्टी. तीही पूर्ण सप्तक नाही, सा पासून प (पंचम) पर्यंत पाच सूर. रोज दहा-पंधरा मिनिटं, मधल्या आवाजात, ठाय म्हणजे संथ लयीत. चिरकलं तर थांबायचं, पाणी प्यायचं, ओढून म्हणायचं नाही. बाकीचा वेळ पेटी वाजवायची, ताल हातावर धरायचा, ऐकलेली ओळ स्वरलिपीत लिहायची. पहिल्या दिवशी सरांनी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक सवाई गंधर्वांची. भीमसेन जोशींच्या या गुरूंचा गोड आवाज वयात येताना फुटला, जड झाला, वळेना. अब्दुल करीम खाँसाहेबांपाशी मेहनत करून त्यांनी तो पुन्हा घडवला. दुसरी आपल्या मातीतली. तेराव्या शतकात देवगिरीला, सिंघण यादवाच्या दरबारी, शार्ङ्गदेवानं 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात तो म्हणतो, मंद्र म्हणजे खालचं सप्तक हृदयात, मध्य कंठात आणि तार म्हणजे वरचं मस्तकात, प्रत्येक स्थान आधीच्याच्या दुप्पट उंच. सर त्याला म्हणाले, "तुझं वरचं कुठं गेलं नाही बाळा, खालचं नवीन आलंय." मी शेजारी बसले होते. मुलानं हात छातीवर ठेवून सा लावला आणि तळव्याखाली थरथर लागली तशी चमकून आमच्याकडे पाहिलं.

वडिलांना दहावीची काळजी होतीच आणि ती मी धुडकावली नाही. मुलगा गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षांना बसत होता, त्याची पुढची परीक्षा 'प्रवेशिका पूर्ण' ही होती. ती सहा महिने पुढे ढकलायला सांगितली. परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एक सत्र गेलं तर काही बिघडत नाही. आवाज फुटत असताना तोंडी परीक्षेला बसवून नापास करून आणणं हा पोरावर अन्याय आहे. ठरावीक संगीत परीक्षा उत्तीर्ण असतील तर दहावीला वाढीव गुण मिळतात, त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत जावा लागतो, हेही सांगितलं. वडिलांचा चेहरा तिथे थोडा उजळला. पण खरा फरक अभ्यासाच्या वहीत दिसला. रात्री पेटी वाजवून झाली की तो आपणहून पुस्तक काढायला लागला.

मुख्याध्यापकांकडे मी एकच मागणी केली. आठवीपासून पुढच्या मुलांची प्रार्थना आठवड्यातून दोन दिवस काळी एकला घ्या. त्यांनी मान्य केलं. पहिल्याच दिवशी मागच्या रांगेतून असा आवाज उठला की शिक्षक वळून बघायला लागले. ओठ हलवणारी मुलं गात होती, "फाटका भोंगा" म्हणणारीही. त्यातल्या अर्ध्यांचे आवाज फुटलेलेच होते.

आजोबांशी बोलायचं मी टाळत होते. सत्तरीतला माणूस, त्यांना पट्टी कशी बदलायला सांगायची? माघ महिन्यात त्यांचाच फोन आला. नातू आता मंडळात पेटीवर बसतो म्हणाले. एकादशीच्या भजनात त्यानं एक अभंग काळी एकला धरला. पखवाजवाले बुवा कुरकुरले, पखवाज काळी चारला लावलेला, आता उतरवायचा कसा? तर पोरगंच म्हणालं, उतरवू नका बुवा, तुमची काळी चार म्हणजे माझ्या काळी एकचा पंचम.

"बुवानं थाप मारून बघितली मॅडम," आजोबा म्हणाले, "बरोबर बसली."