जुन्या जेबीएल एल१०० स्पीकरची लाकडी पेटी घासायच्या आधी

पॉलिश पेपर आधी बाजूला ठेव, हे अगदी मनापासून सांगतोय. एल१०० सेंच्युरी १९७० च्या दशकातली, वरून जे अक्रोड दिसतं ते विनिअर आहे, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, मिलिमीटरभरही जाड नाही, आणि मशीन लावलंस तर कडेला आतला चिपबोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) उघडा पडतो, मग त्याला काही इलाज नाही. वायरींचे फोटो काढून ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे आतले गोल भाग, उतरव, मग मऊ फडकं टर्पेंटाइनमध्ये भिजवून लाकडाच्या रेषेच्या दिशेने पुस, निम्मं काम तिथेच होतं, फडक्यावर उतरणारा तपकिरी मळ बघच. टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला तर विनिअर सुटलंय, सिरिंजने फेविकॉल आत सोड, वर प्लॅस्टिकचा कागद नि फळी ठेवून रात्रभर क्लॅम्प. स्टील वूल वापरणार असशील तर ड्रायव्हर त्या खोलीतसुद्धा नकोत, लोखंडाचा भुगा मॅग्नेटला चिकटला की निघता निघत नाही. शेवटी बॉइल्ड जवस तेल, पातळ हात, जादाचं पुसून घे. तेलाची फडकी चुरगळून टाकू नकोस, आपोआप पेट घेतात, पसरून वाळव.

ग्रिल म्हणजे पुढचं ते चौकोनी खाचांचं फोम, हात लावला की भुगा, मास्क लाव आणि जुना गोंद प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवड. तयार नवीन फोम मिळतं, थोडं महाग पण तेच घे. सोफ्याचं कापड तर अजिबात नको, ट्वीटरचा, म्हणजे बारीक सूर काढणाऱ्या छोट्या ड्रायव्हरचा, आवाजच दाबून टाकतं.