नवरा दर्यात बेपत्ता झालेल्या बाईला सावरायला दुःखावरच्या संशोधनाचा खरंच उपयोग होतो का?

होतो. पण आधी तिच्या घरच्यांना व्हायला हवा.

तुम्ही लिहिलंय, मामेबहिणीचा नवरा ट्रॉलरवरून बेपत्ता होऊन वर्ष झालं, देह मिळाला नाही, आणि ती 'नकाराच्या टप्प्यात अडकली आहे'. नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार असे दुःखाचे जे पाच टप्पे सांगतात, ते आधी डोक्यातून काढा. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ साली ते मांडले ते मरणाला टेकलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठी ते नव्हतेच.

आम्ही देवगडकडचे. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं तेव्हा माझा थोरला भाऊ खलाशी म्हणून बोटीवर होता. ना बोट आली, ना माणूस. थोडे दिवस बंदरावर खेपा झाल्या, मग काकांनी धरलं की दर्भाचा पुतळा करून जाळायचा, बारावं उरकायचं, वहिनीने मंगळसूत्र काढायचं. वहिनी एवढंच म्हणाली, "ते गेले ह्या कोणी बघल्यान?" काकांनी भावकी जमवली, हिला वेड लागलंय म्हणून तिच्या माहेरी निरोप धाडला. मी तिच्या बाजूने बोलले तर "दोन बुकं शिकलीस म्हणून आम्हाला शिकवू नको" हे ऐकून घेतलं. वहिनी सकाळी बाजारात सुकट घेऊन बसायची, मुलांच्या फिया भरायची आणि संध्याकाळी जेटीवर जाऊन उभी राहायची. काकांना तेच खुपायचं: वाट बघते म्हणते आणि धंदाही करते, हे कसलं दुःख?

हेच दुःख. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट या नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९९ साली नेमकं हे मांडलं. माणूस कधी गेलेल्याकडे वळतो, कधी पुढच्या संसाराकडे, आणि ही ये-जा म्हणजेच सावरणं. अमेरिकेतल्या संशोधक पॉलिन बॉस यांनी तर व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरच्यांचा अभ्यास केला. देह न मिळालेल्या दुःखाला ओढूनताणून शेवट लावू नये, 'असेल' आणि 'नसेल' दोन्ही मनात ठेवून जगायला त्या बाईला साथ द्यावी, असं त्या सांगतात.

तेव्हा बहिणीला विधी करायचा असेल तर करू द्या, नको असेल तर कोणी तिच्या मंगळसूत्राला हात लावू नका. तो निर्णय तिचा. दिराचा नाही, चुलत्याचा नाही, भावकीचा तर नाहीच. कायदासुद्धा सात वर्षं काही खबर नसेल तरच माणूस मेला असं धरतो. आमच्या काकांना महिनाभर दम धरवला नाही.

पोलिसातली बेपत्ता नोंद, बोटीचे आणि विम्याचे कागद मात्र तुम्ही सांभाळा, तिच्यावर टाकू नका.

आणि हो, सगळ्याच बायका वहिनीसारख्या उभ्या राहत नाहीत. बहिणीचं खाणं, झोप, मुलांकडे बघणं सुटलं असेल, किंवा ती जगायचंच नाही म्हणत असेल, तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा. लांबलेलं दुःख हा आता जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतला आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं. आजच फोन लावा, आणि तो लावताना तिच्या शेजारी बसा.