फिक्हचे व्हिडिओ आणि मुलांचा गोंधळ

प्रश्न : कोंढव्यातल्या मदरशात मुलांना फिक्ह (इस्लामी आचारनियमांचं शास्त्र) शिकवतो. व्हिडिओ दाखवले की मुलं जास्तच गोंधळतात. काय चुकतंय?
– एक शिक्षक, पुणे

उत्तर : बहुधा मजहबांची, म्हणजे फिक्हच्या हनफी, शाफई अशा वेगवेगळ्या परंपरांची, सरमिसळ होतेय. पुण्यात हनफी मुलांशेजारी कोकणातली शाफई मुलंही बसतात. वुजूचे (नमाजआधी हात-तोंड-पाय धुण्याचे) फर्ज, म्हणजे अनिवार्य गोष्टी, हनफींत ४, शाफईंत ६. नियत (मनातला संकल्प) आणि क्रम हे दोन जास्तीचे. म्हणून व्हिडिओ कोणत्या मजहबचा ते आधी तपासा आणि फळ्यावर लिहा. तीन-चार मिनिटांचा तुकडा पुरे. प्रत्येक फर्जानंतर थांबवा, पुढचा मुलांकडून वदवून घ्या.

नमाजच्या अ‍ॅपमध्ये असरची (दुपारनंतरच्या नमाजची) सेटिंग बघाच. माध्यान्हीची सावली वगळून वस्तूएवढी सावली झाली की शाफई असर सुरू. हनफींत सहसा दुप्पट झाल्यावर. अ‍ॅप नुसती वेळ दाखवतं, कारण नाही. ते कळायला अंगणात काठी रोवून सावली मोजा. त्यापुढे अ‍ॅनिमेशन फिकं!

जकात (संपत्तीवरचं अनिवार्य दान) मात्र एक्सेलवर छान जमते. निसाब (जकात लागू होण्याची किमान मर्यादा) चांदीचा धरला तर ६१२.३६ ग्रॅम, जकातीचा दर अडीच टक्के. चांदीचा भाव त्या दिवशीचाच भरायला लावा, नाहीतर जुन्या भावावर निसाबच चुकतो.