ड्रम विकला की रसायनाच्या व्यापाऱ्याची जबाबदारी संपते का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: भिवंडीत गाळा घेऊन ग्लिसरीन, निरनिराळी ग्लायकॉल आणि काही सॉल्व्हंट दोनशे लिटरच्या ड्रमने घ्यायची आणि लहान कॅनमध्ये भरून किरकोळ विकायची, सप्लायरचे म्हणणे असे की मालाच्या शुद्धतेचे सर्टिफिकेट तो देतो आहे, तेव्हा पुढे गिऱ्हाईक त्या मालाचे काय करते हे आपल्या अंगावर येत नाही. हे बरोबर आहे का?

बरोबर नाही. मी बावीस वर्षे याच धंद्यात आहे, आधी तळोज्याच्या गोदामात डिस्पॅचवर आणि नंतर मशीद बंदरच्या एका पेढीत मालाच्या तपासणीवर, आणि त्या अनुभवावरून सांगतो की आपण जे काम निवडले आहे, म्हणजे मोठा ड्रम फोडून लहान कॅन भरणे, तीच या साखळीतली सर्वांत कच्ची कडी असते. कारखान्यातून निघालेल्या ड्रमवर उत्पादकाचे नाव, बॅच नंबर आणि सील असते. ड्रम फोडला की ती तिन्ही गळून पडतात आणि त्यांच्या जागी आपले लेबल येते. त्या क्षणापासून मालाची ओळख म्हणजे आपला शब्द.

ग्लायकॉलचेच उदाहरण घेतो, कारण ते आपल्या यादीत आहे. बाजारात मोनोएथिलीन, डायएथिलीन आणि प्रोपिलीन या तिन्हींना सर्रास नुसते ‘ग्लायकॉल’ म्हणतात. तिन्ही पाण्यासारखी स्वच्छ, किंचित दाट आणि चवीला गोडसर असतात. प्रोपिलीन ग्लायकॉल औषधी प्रतीचे असेल तर सिरपमध्ये चालते. डायएथिलीन ग्लायकॉल ब्रेक ऑइलमध्ये आणि रेझिनमध्ये जाते आणि पोटात गेले तर मूत्रपिंडे निकामी करते. ते स्वस्तही असते, आणि सगळी गोम तिथे आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ च्या सुरुवातीला चौदा रुग्ण दगावले ते याच रसायनाने दूषित झालेल्या ग्लिसरीनमुळे. मेंदूवरचा आणि डोळ्यातला दाब उतरावा म्हणून ते ग्लिसरीन त्यांना दिले गेले होते, आणि त्यानंतर चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती लेंटिन आयोगाची चर्चा आमच्या पेढीतले जुने लोक अजूनही करतात. एवढे होऊनही २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात वीसहून अधिक लहान मुले खोकल्याच्या औषधाने गेली. त्यांच्यापैकी अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. त्या औषधाच्या एका बॅचमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडले, मर्यादा ०.१ टक्के आहे. म्हणजे हा चुकून राहिलेला अंश नव्हता, जवळजवळ निम्मी बाटली होती, आणि औषधी प्रतीचे नसलेले प्रोपिलीन ग्लायकॉल वापरल्याचे तपासणीत पुढे आले.

अशा प्रकरणात दोष औषध बनवणाऱ्याचा आहेच, कारण आलेला प्रत्येक कच्चा माल तपासणे हे त्याचे काम आहे. परंतु ते द्रव्य त्याच्या दारात कोणीतरी मधला माणूसच पोचवतो. इंडोनेशियात २०२२ मध्ये दोनशेहून अधिक मुले गेली, तेव्हा एका व्यापाऱ्याकडे बड्या परदेशी कंपनीचे लेबल लावलेले ड्रम सापडले आणि आत भलताच माल होता. पनामात २००६ मध्ये ‘ग्लिसरीन’ चीनहून स्पेनमार्गे पोचले. वाटेत सर्टिफिकेट बदलत गेले, मूळ कारखान्याचे नाव पुसले गेले, आणि मधल्या एकाही व्यापाऱ्याने माल तपासला नाही. आपला सप्लायर ज्या सर्टिफिकेटची हमी देतो आहे, ते मूळ उत्पादकाच्या लेटरहेडवर आहे की त्याच्या स्वतःच्या, हे आधी पाहावे. स्वतःच्या लेटरहेडवर असेल तर तो तपासणीचा अहवाल नव्हे. ती नक्कल आहे.

आमच्याकडे एकदा असा प्रकार झाला. प्रोपिलीन ग्लायकॉलचे आठ ड्रम आले, सोबत सर्टिफिकेट होते, शुद्धता ९९.५ टक्क्यांच्या वर, सगळे व्यवस्थित. उतरवून घेणाऱ्या हमालाने सहज म्हटले की यातले दोन ड्रम हाताला जड लागताहेत. काट्यावर घातले तेव्हा ते खरोखरच दहा-बारा किलोंनी जास्त भरले. प्रोपिलीन ग्लायकॉलच्या ड्रममध्ये साधारण २१५ किलो माल येतो, डायएथिलीनच्या तेवढ्याच ड्रममध्ये २२५ ते २३० किलो, ग्लिसरीनच्या २५० किलो. बॅच नंबर मिळवून पाहिले तर सर्टिफिकेटवरचा नंबर सहाच ड्रमांवर होता. पाठवणाऱ्याने चूक कबूल केली आणि दोन ड्रम परत नेले. ती चूक होती की आणखी काही, हे मला कधीच कळले नाही. त्या दिवसापासून मी प्रत्येक ड्रमचे वजन आणि प्रत्येक ड्रममधल्या नमुन्याची घनता लिहून ठेवतो. प्रोपिलीन ग्लायकॉलची घनता १.०३ ते १.०४ च्या आसपास, डायएथिलीनची १.११ ते १.१२, ग्लिसरीनची १.२६. घनता मोजणारा काचेचा हायड्रोमीटर फार महाग नसतो. मात्र एक लक्षात ठेवावे: हायड्रोमीटर फक्त चुकीचा माल पकडतो, बरोबर मालाची खात्री देत नाही, कारण दोन द्रव्ये मिसळून हवी ती घनता आणता येते. खात्री गॅस क्रोमॅटोग्राफीनेच, म्हणजे द्रव्यातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या तपासणीनेच होते आणि ती बाहेरच्या प्रयोगशाळेतून करून घ्यावी लागते.

बिलही वाचायला शिकावे. त्यावर नुसते ‘ग्लायकॉल’ लिहिलेले असेल तर एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीसाठी मालाच्या प्रकाराला दिलेला क्रमांक, पाहावा: प्रोपिलीन आणि मोनोएथिलीन २९०५ मध्ये येतात, डायएथिलीन २९०९ मध्ये. मला स्वतःला गिऱ्हाइकांचे असे फोन आले आहेत की माल पीजीच (प्रोपिलीन ग्लायकॉलच) द्या, पण बिलावर साधे ग्लायकॉल लिहा, किंवा याच्या उलट. अशा माणसाला मी नम्रपणे नाही म्हणतो, कारण कागद आणि ड्रम यांची नावे वेगळी पडली की पुढच्या माणसाला सत्य कळण्याचा कोणताही मार्ग उरत नाही.

आता कायद्याचे. धोकादायक रसायनांच्या १९८९ च्या नियमांनुसार सुरक्षा माहितीपत्रक, म्हणजे आपण ज्याला एमएसडीएस म्हणतो ते, आणि प्रत्येक भांड्यावर लेबल हे बंधनकारक आहे. आपल्या यादीतली सॉल्व्हंट या दृष्टीने एकेक करून तपासून घ्यावीत. टेम्पोने माल पाठवताना मोटार वाहन नियमांखाली पाठवणाऱ्यावर, वाहतूकदारावर आणि चालकावर वेगवेगळ्या जबाबदाऱ्या आहेत. ट्रेमकार्ड, म्हणजे अपघात झाल्यास काय करायचे हे सांगणारे कार्ड, चालकाच्या हातात आणि त्याला वाचता येणाऱ्या भाषेत असले पाहिजे. गोदामातल्या फाइलमध्ये ठेवलेल्या कार्डाचा अपघाताच्या वेळी काडीइतका उपयोग होत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, औषधी प्रतीचा माल फोडून औषधासाठी म्हणून विकणार असाल तर औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली रीपॅकिंगचा वेगळा परवाना लागतो. तो नसेल तर आयपी ग्रेडचा, म्हणजे औषधी प्रतीचा, ड्रम न फोडता सीलबंदच विकावा. आपण नवीन आहात, म्हणून माझा सल्ला असा की पहिली काही वर्षे औषधी माल ठेवूच नये. एकाच गाळ्यात एकाच पंपाने ब्रेक ऑइलचा कच्चा माल आणि सिरपचा कच्चा माल भरणे ही गोष्ट मला कोणत्याही नफ्यासाठी पटत नाही.

गिऱ्हाईक पुढे काय करते हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे का, असेही आपण विचारले आहे. मी प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ‘कशासाठी हवे?’ एवढे विचारतो आणि उत्तर वहीत लिहितो. साबणवाला, अगरबत्तीवाला, शाईवाला चटकन सांगतो. जो अडखळतो किंवा रोखीत, बिलाशिवाय मागतो, त्याला माल देत नाही. कॅनवर ‘औद्योगिक वापरासाठी, खाण्यापिण्यात व औषधात वापरू नये’ हे मोठ्या अक्षरांत मराठीत आणि हिंदीतही छापतो. त्याने एखादे गिऱ्हाईक जाते, हे खरे आहे.

वहीचा दुसरा उपयोग माल परत बोलवताना होतो. अमेरिकेत १९३७ मध्ये डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवलेले एक औषध शंभराहून अधिक लोकांचा बळी घेऊन गेले. तेव्हा तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने जवळजवळ सगळे निरीक्षक कामाला लावून, विक्रेत्यांची बिले आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या चाळत, बनवलेल्या २४० गॅलनांपैकी २३४ गॅलनांहून अधिक माल शोधून काढला. आपल्याला इतके करावे लागू नये, पण कोणत्या ड्रममधून कोणते कॅन भरले आणि ते कुणाकडे गेले, हे दहा मिनिटांत सांगता आले पाहिजे. प्रत्येक ड्रममधला शंभर मिलिलिटरचा नमुना काचेच्या बाटलीत, बॅच नंबर लिहून, माल संपल्यावरही किमान वर्षभर ठेवावा.

रिकाम्या ड्रमांबद्दल आपण विचारले नाही, तरी सांगतो. रिकामे ड्रम घेणारा चांगला भाव देतो आणि तो ड्रम घासूनपुसून पाणी साठवायला विकला जातो. आम्ही लेबल खरवडतो, तळाला सळईने दोन भोके पाडतो आणि मगच भंगाराच्या भावाने देतो.